शालेय समितीस खुले पत्र : आफ्रिकेचा तास परत द्या

मा. अध्यक्ष, सचिव आणि शालेय समितीचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाचं वेळापत्रक शिक्षकांच्या खोलीतल्या फलकावर लागलं, त्यात आठवी आणि नववीचा शनिवारचा शेवटचा तास गायब होता. त्या तासाला गेली काही वर्षं मी आफ्रिकेचा इतिहास आणि संस्कृती शिकवत आले. आता तिथे आठवीला शिष्यवृत्ती आणि एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव आहे, नववीला पुढच्या प्रवेश परीक्षांच्या तयारीचं ‘फाउंडेशन’. मला कुणी विचारलं नाही. रीतसर अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. तोंडी उत्तरं मात्र पुष्कळ मिळाली. ती इथे लिहिते आहे, कारण ती एकट्या माझ्यापुरती नाहीत. पालकांनी वाचावं, माजी विद्यार्थ्यांनी वाचावं, इतर शाळांतल्या इतिहासाच्या शिक्षकांनी तर जरूर वाचावं. शाळेचं नाव मी घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांकडेही फार वेगळं चाललेलं नसणार.

हा तास सुरू झाला तो सातवीच्या वर्गातल्या एका प्रश्नामुळे. पन्हाळ्याचा वेढा चालू होता, म्हणजे फळ्यावर. एका मुलाने विचारलं, “बाई, सिद्दी जौहर कुठला?” वर्गातून उत्तरं आली : विजापूरचा, जंजिऱ्याचा. आणि त्याआधीचा? कुणालाच माहीत नव्हतं. १६६० चा तो वेढा, ती पावसाळी रात्र, बाजीप्रभू, घोडखिंड हे सगळं आपल्या पोरांना झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. पण वेढा घालणाऱ्याचं मूळ समुद्रापलीकडे आफ्रिकेत आहे, तिथून माणसं दख्खनेत का आणि कशी आली, आणि सेनापती, वजीर, नवाब कशी झाली, हे विचारायला शाळेच्या दहा वर्षांत जागाच नाही. ती जागा मी शनिवारी केली. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी हसून परवानगी दिली होती. “करा, पण साहेब लोक आले की मूल्यशिक्षण म्हणा,” एवढंच ते म्हणाले.

त्या तासाला काय चालायचं हे आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, म्हणून सांगते.

नववीला मी मलिक अंबरपासून सुरुवात करते. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला मुलगा, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात विकला जात बगदादमार्गे दख्खनेत पोचलेला. इथे त्याला विकत घेणारा चंगीझखान निजामशाहीचा पेशवा होता, आणि तोही हबशीच, म्हणजे मूळचा आफ्रिकेतला. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, त्याने स्वतःची फौज उभी केली. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, निजामशाही संपली असं सगळे धरून चालले, आणि या माणसाने ती पुढे पाव शतक उभी ठेवली. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर बांधली. जमीन मोजून सारा ठरवला. १६२४ साली नगरजवळच्या भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र धुव्वा उडवला, तलावाचा बांध फोडून छावणीत पाणी सोडलं. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

इथे वर्ग एकदम गप्प होतो, मग एकदम बोलायला लागतो.

त्यानंतर मी त्यांना एक चित्र दाखवते. जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य, समोर भाल्यावर मलिक अंबरचं तोडलेलं मुंडकं आणि त्यावर घुबड. बादशहा त्या मुंडक्याला बाण मारतो आहे. हे चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. मी विचारते, हे घडलं होतं का? मुलं तारखा बघतात. अंबर वारला १६२६ साली, म्हातारपणी, आणि त्याची कबर खुलताबादला आहे. चित्र त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे बादशहाला मैदानात जे जमलं नाही ते त्याने चित्रकाराकडून करून घेतलं! हे वाक्य माझं नाही, वर्गातल्या एका मुलाचं आहे. साधनचिकित्सा म्हणजे काय यावर बी.एड.ला मी पानंच्या पानं लिहिली होती. त्या मुलाने ती एका वाक्यात केली.

आता आपली तोंडी उत्तरं घेते.

“परीक्षेला काय येतं त्याचं बघा, बाई.” हे पहिलं. शिष्यवृत्तीला माझा विरोध नाही. आपल्या शाळेतल्या बऱ्याच घरांना त्या पैशांची खरीखुरी गरज आहे आणि सराव घ्यायला मी स्वतः तयार आहे. पण आठवड्यात सरावाचे इतर तास आहेतच. शनिवारचा तो एकच तास असा होता, ज्याला गाइड नव्हतं. आणि परीक्षेत समाजशास्त्राचे प्रश्न चुकतात ते सनावळी येत नाही म्हणून नव्हे, प्रश्न नीट वाचून त्यातली मेख ओळखता येत नाही म्हणून. ती ओळखायला मी ग्रेट झिंबाब्वे शिकवते.

आफ्रिकेच्या दक्षिणेला अकराव्या ते पंधराव्या शतकात शोना लोकांच्या पूर्वजांनी दगडावर दगड रचून, चुना-माती न वापरता, एक अख्खं नगर उभं केलं. त्याच्या मोठ्या कोटाची भिंत काही ठिकाणी अकरा मीटर उंच आहे. १८७१ साली कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोचला. त्याने दाराच्या तुळईचा तुकडा काढला, हुंगला, त्याला तो आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा वाटला. झालं! म्हणजे हा लेबनॉनचा देवदार, म्हणजे हे बायबलातल्या शेबाच्या राणीने बांधलं. काळ्या माणसाने नाही, एवढं नक्की. १९०५ मध्ये आणि पुन्हा १९२९ मध्ये, गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांच्या उत्खननानंतर, पुरातत्त्वज्ञांनी स्पष्ट सांगितलं की हे बांधकाम इथल्याच आफ्रिकी लोकांचं आहे. तरी पुढे त्या देशाच्या, म्हणजे तेव्हाच्या ऱ्होडेशियाच्या, गोऱ्या सरकारला ते छापलेलं चालत नव्हतं. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाने ते ठामपणे मांडलं, आणि त्यांना देश सोडावा लागला. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने नाव घेतलं ते या दगडी नगराचं.

पेन्सिलीच्या वासावरून इतिहास ठरवणाऱ्या माणसाला आमची मुलं पोट धरून हसतात. मग मी त्यांना विचारते, आपल्याकडे अशा पेन्सिली कोण कोण हुंगतं? त्याची जी उत्तरं येतात ती मी इथे लिहीत नाही. माझी नोकरी अजून काही वर्षं शिल्लक आहे.

“आधी आपला इतिहास येऊ दे, मग परका.” हे दुसरं उत्तर, आणि माझ्या मते सगळ्यात पोकळ. मलिक अंबर परका कसा? बरं, तो राहू दे. आपल्या डब्यातलं बघा. ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली. ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातली, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या उंच प्रदेशातली. तिथल्या शेतकऱ्यांनी ती रानातून निवडून माणसाळवली, आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. चवळीही तिकडचीच. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, आपल्या शाळेने फेरी काढली होती, फलकावर लिहिलं होतं ‘आपल्या मातीतलं प्राचीन धान्य’. आपल्या मातीत आहेच ते, चार हजार वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. पण ज्यांनी ते पहिल्यांदा पेरलं त्यांच्याविषयी वर्षभरात पाऊण तास बोलायला आपल्याला जड जातं. त्या शनिवारी मी मुलांना डबे उघडायला लावले होते. कोकणातून आलेल्या एका मुलीच्या डब्यात नाचणीची भाकरी होती आणि ती ती लपवून खायची, कारण इतरांकडे सँडविच. त्या दिवशी तिच्या डब्याभोवती गर्दी झाली. इथिओपियात टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून इंजेरा करतात, आपल्या आंबोळीच्या कुळातली, पण परातीएवढी. एकाच इंजेऱ्यावर वेगवेगळी कालवणं वाढून घरातले सगळे त्यातूनच तोडून खातात. हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, “मग बाई, खरकटं?” तो तास सगळा त्यावर गेला, आणि माझ्या मते सत्कारणी लागला.

आणि नाशिककरांनी तरी ‘परका’ म्हणू नये. शरणपूर रोडवरून आपण सगळे रोज जातो. त्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वस्ती वसवली होती. गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रजांच्या आरमाराने समुद्रात पकडली की त्यातून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरत, आणि त्यातली कित्येक या वस्तीत येत. इथे ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी मुंबईला आला आणि आफ्रिकेच्या सफरीसाठी इथली नऊ जणांची तुकडी घेऊन गेला. पुढे त्याच्या मदतीला आणखी काही नाशिकवाले गेले. त्यातला जेकब वेनराइट १८७३ साली लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा तिथे होता. लिव्हिंग्स्टनचं काळीज तिथे झाडाखाली पुरलं, प्रार्थना वेनराइटने वाचली, झाडावर अक्षरं त्याने कोरली. मग सगळ्यांनी मिळून तो देह कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये १८७४ साली दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होता. गुलामांच्या गलबतातून सुटलेला, नाशकात शिकलेला मुलगा. इथल्या इतर अनेकांनी पुढे मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी केली. तिला नाव मिळालं बार्टल फ्रीअरचं, जो आधी मुंबईचा गव्हर्नर होता. केनियात या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखतात. आपल्या गावात त्यांची ओळख किती जणांना आहे? नव्या ‘फाउंडेशन’साठी नेमलेले सर त्याच रस्त्यावर क्लास चालवतात. त्यांना विचारून बघा.

तरीही एक गोष्ट मला स्पष्ट करायची आहे, कारण समितीतल्या एका सदस्यांनी सहानुभूतीने सुचवलं, “तेवढं मलिक अंबर आणि नाशिकचं ठेवा, बाकीचं सोडा.” त्यांचे आभार. पण नाही. आपल्याशी नातं असलं तरच एखादा खंड शिकण्याजोगा, असं मी मुलांना शिकवणार नाही. इथिओपियात लालिबेला इथे बाराव्या-तेराव्या शतकांत डोंगराच्या खडकात कोरलेली अकरा चर्च आहेत. त्यातलं सेंट जॉर्जचं चर्च वरून बघितलं तर जमिनीत खोल गेलेला दगडी क्रूस दिसतो, वरून खाली कोरत नेलेला. फोटो दाखवला की वर्ग ओरडतो, “वेरूळ!” कैलास लेणं आठव्या शतकातलं, तेही कळसापासून खाली कोरलेलं. मुलांना लगेच वाटतं की इकडचे कारागीर तिकडे गेले असणार. मी त्यांना थांबवते. तसा काही पुरावा नाही. दोन वेगळ्या ठिकाणच्या माणसांना आपापल्या डोंगरात एकच गोष्ट सुचली आणि दोघांनीही ती तडीस नेली. तेराचौदा वर्षांच्या मुलाला हे पचायला वेळ लागतो, मोठ्यांना त्याहून जास्त. मालीचा राजा मनसा मुसा १३२४ साली हजला निघाला आणि वाटेत कैरोत इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भाव पडला. त्याच मालीतल्या टिंबक्टू शहराच्या घराघरांत हस्तलिखितं जपली गेली. २०१२ मध्ये अतिरेक्यांनी शहर घेतल्यावर लोकांनी ती पत्र्याच्या ट्रंकांत भरून, गाढवांवरून आणि होड्यांतून बाहेर काढली. १८९६ साली अडुवाच्या लढाईत इथिओपियाच्या सम्राट मेनेलिकने इटलीच्या सैन्याला हरवलं. यातल्या कशाचाही नाशिकशी काडीचा संबंध नाही, आणि तरी ते शिकवायचं आहे. फ्रेंच राज्यक्रांतीचा तरी आपल्या पंचवटीशी कुठे संबंध होता?

तिसरं उत्तर एका पालकांमार्फत आलं, ते असं की मी शत्रूचं कौतुक करते. त्याला मी फार वेळ देणार नाही. शिवकालातल्याच परमानंद कवीच्या शिवभारत या काव्यात भातवडीची लढाई वर्णिली आहे, शहाजीराजे आणि अंबर एकाच बाजूला दाखवून. ज्यांना शंका आहे त्यांनी ते वाचावं. ग्रंथालयात प्रत आहे, मीच आणून ठेवली आहे.

आता माझी खरी तक्रार, जिच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले.

गेल्या स्नेहसंमेलनात सहावीचा ‘आफ्रिकन डान्स’ झाला. मुलांच्या तोंडाला काळा रंग, ओठांभोवती पांढरी रेघ, कमरेला क्रेप कागदाच्या पट्ट्या, हातात थर्माकोलचे भाले. गाणं म्हणजे नुसता ‘झिंगालाला’. मधोमध एका मुलाला बांधून कढईत शिजवायचा अभिनय होता. टाळ्या पडल्या, वेशभूषेचं बक्षीस मिळालं, आणि पहिल्या रांगेत आपण सगळे बसलेला होतात. मुलांना मी काही म्हणत नाही, आणि नाच बसवणाऱ्या ताईंनाही नाही. त्यांनी मोबाइलवर जे पाहिलं ते बसवलं. पण दुसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी मला विचारत आली, “बाई, हा कुठल्या देशाचा नाच?” टोमणा नव्हता तो. तिने घाना, माली, इथिओपिया नकाशात रंगवले होते, म्हणून तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काय सांगू?

त्या नाचातल्या मुलांपैकी काहींना रंग थोडाच लावावा लागला, असं विंगेत कुणीतरी हसत म्हणालं. ती मुलं नंतर वर्षभर ‘हबशी’ ऐकत होती. मधल्या सुट्टीत मी स्वतः ऐकलं आहे. म्हणजे आपण आफ्रिकेची नक्कल केली आणि मार बसला तो गंगापूर रोडच्या पोरांना. आणि ही मुलं मोठी होऊन पुण्या-मुंबईत जातील. पुण्याच्या कॉलेजांत सुदान, टांझानिया अशा देशांतून आलेले विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकत आहेत. आपली मुलं त्यांच्याशी काय बोलतील? मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये खुर्च्यांनी मारलं, अफवेवरून. तो जमावही कधीतरी कुठल्यातरी शाळेत शिकला होता.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत, पण लिहून ठेवते. भूगोलाच्या कपाटातल्या आफ्रिकेच्या नकाशावर अजून झैरे आहे. तो देश १९९७ पासून त्या नावाने अस्तित्वात नाही. दक्षिण सुदान २०११ साली झाला, तो अर्थातच नाही. नवा नकाशा मागितला तर ‘पुढच्या वर्षी बघू’ असा शेरा आला. आपल्याच प्रश्नमंजूषेत प्रश्न होता, ‘आफ्रिकेची राष्ट्रभाषा कोणती?’ आणि त्याला बरोबर उत्तर म्हणून ‘स्वाहिली’ला गुण दिले गेले. चोपन्न देशांच्या खंडाला आपण एका झटक्यात एक भाषा देऊन टाकली. शाळेची सहल जंजिऱ्याला जाते. मुलं होडीतून जातात, कलालबांगडी तोफेजवळ फोटो काढतात, गाइडची दहा मिनिटं ऐकतात आणि मासळी खाऊन परत येतात. खोकरीचे घुमट, जिथे तिथल्या सिद्दी सत्ताधीशांच्या कबरी आहेत, जवळच आहेत. बस तिथे कधी थांबत नाही.

आणि गांधीजी. आपल्या भिंतीवर त्यांचं चित्र आहे, खाली ‘दक्षिण आफ्रिका १८९३–१९१४’ लिहिलं आहे. मुलांना पीटरमॅरिट्झबर्गचं स्टेशन माहीत आहे. पण त्यांच्या मनातल्या त्या देशात फक्त गोरे आणि भारतीय राहतात. १९०६ साली जोहान्सबर्गला सत्याग्रहाची शपथ झाली. त्याच वर्षी शेजारच्या नाताळमध्ये डोईपट्टीविरुद्ध बंबाथाच्या नेतृत्वाखाली झुलूंचा उठाव झाला आणि तो निर्घृणपणे मोडला गेला. गांधीजींच्या शुश्रूषा पथकाने जखमी झुलूंची मलमपट्टी केली. ज्यांचा तो देश, त्यांनाच चित्राबाहेर ठेवून सत्याग्रह कसा समजणार?

वाघनखं साताऱ्याला आली ते २०२४ चं वर्ष आठवा. शाळेने बस केली होती, चांगलंच केलं. परत आल्यावर मुलांनी विचारलं, “आपलीच वस्तू तीन वर्षांच्या बोलीवर का?” त्या शनिवारी मी त्यांना बेनिनची पितळी शिल्पं दाखवली. १८९७ साली इंग्रज फौजेने आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर जाळलं आणि हजारो शिल्पं लुटून नेली. जर्मनीने २०२२ पासून आपल्याकडची परत करायला सुरुवात केली. ब्रिटिश म्युझियम कायद्याकडे बोट दाखवून नाही म्हणतं. पाऊण तास वर्गात वाद झाला, दोन्ही बाजूंनी, आणि घंटा झाल्यावरही कुणी उठेना. शनिवारी दुपारी! ज्यांनी शिकवलं आहे त्यांना कळेल मी काय म्हणते ते.

माझ्या मागण्या अशा :

आठवी-नववीचा शनिवारचा तास दिवाळीनंतरच्या सत्रापासून परत सुरू करावा आणि वेळापत्रकात त्याच्या खऱ्या नावाने लिहावा. ‘मूल्यशिक्षण’ म्हणून लपवू नये. शिष्यवृत्तीचा जादा सराव लागणार असेल तर मी सकाळी शाळा भरण्याआधी घेईन, वेगळं मानधन नको.

स्नेहसंमेलनात तोंडाला रंग फासून कुठल्याही समाजाची नक्कल होणार नाही, हा नियम लेखी करावा. आफ्रिकी संगीत-नृत्य हवं असेल तर ते जाणणाऱ्याला बोलवावं. पुण्याला शिकणारे विद्यार्थी येतील, जाण्यायेण्याचा खर्च आणि रीतसर मानधन द्यावं.

आफ्रिकेचा नवा राजकीय नकाशा घ्यावा. युनेस्कोने मुख्यतः आफ्रिकी अभ्यासकांकडून लिहवून घेतलेला आठ खंडांचा इतिहास इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यातल्या निवडक भागांच्या छपाईपुरती तरतूद करावी. मराठीत गोषवारे मी करते आहे, ते कुठल्याही शाळेने वापरावेत.

जंजिऱ्याच्या सहलीत खोकरी घ्यावं, आणि एका वर्षी सहल वॉटर पार्कऐवजी संभाजीनगर-खुलताबाद-वेरूळ अशी न्यावी.

एखादा चालू उपक्रम बंद करण्याआधी तो चालवणाऱ्या शिक्षकाला आणि पालक-शिक्षक संघाला समितीपुढे बोलू द्यावं. ही मागणी माझ्या विषयापुरती नाही. चित्रकलेच्या सरांचा तास गेल्या वर्षी असाच गेला.

समितीची पुढची बैठक सहामाही परीक्षेनंतर आहे असं कळतं. हे पत्र त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावं, मला वीस मिनिटं द्यावीत आणि निर्णय काहीही असो, तो कारणांसह लेखी कळवावा. तोवर शनिवारी शाळा सुटल्यावर ज्या मुलांना यायचं आहे त्यांच्यासाठी मी ग्रंथालयात बसते आहे. त्यालाही परवानगी लागत असेल तर तेही लेखी कळवावं.

आपली विश्वासू,
इतिहास शिक्षिका, माध्यमिक विभाग
नाशिक